जागा आहे म्हणून...

परवा आई न्यू जर्सीतल्या ताईशी व्हिडिओवर बोलत होती. मी शेजारच्या खोलीत मुंजीचे फोटो अपलोडला लावले आणि झालं! ताईचा चेहरा अर्ध्या वाक्यात गोठला. आई नुसती "ऐकू येतंय का गं?" करत राहिली. शेवटी वैतागून मला म्हणाली, "एवढी मेमरी मेमरी करतोस, मग हे असं का?"

गंमत बघा, उत्तर असं आहे की मेमरी जास्त आहे म्हणूनच!

पूर्वी उलट होतं. १९८१ साली टीसीपीचे नियम ठरले तेव्हा 'माझ्याकडे इतकी जागा आहे' हे समोरच्याला कळवायला फक्त १६ बिट ठेवले. म्हणजे जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट. तेवढं पाठवून झालं की पोच येईपर्यंत थांबायचं. त्याच वर्षीच्या आयबीएम पीसीच्या साध्या मॉडेलमध्ये अख्खी मेमरी १६ केबी, तेव्हा ही जागा म्हणजे राजवाडाच! पण इथून अमेरिकेला जाऊन यायला पाव सेकंद धरला, तर लाइन कितीही मोठी असो, सेकंदाला २५६ केबीच्या वर काही जाणार नाही. १९९२ मध्ये ही मर्यादा १ जीबीपर्यंत वाढवली. आता तेवढी मेमरी आणायची कुठून? दहा हजार लोक जोडलेल्या सर्व्हरने प्रत्येकाला १ एमबी दिला तरी १० जीबी गेले. म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम गरजेप्रमाणे जागा कमीजास्त करायला शिकल्या.

मग मेमरी स्वस्त झाली आणि मॉडेम, राउटर, सगळीकडे मोठे बफर आले. एकही पॅकेट वाया जायला नको! इथेच घात झाला. १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये बर्कलीत जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर कोसळला होता. त्यावर व्हॅन जेकबसन यांनी १९८८ मध्ये मांडलेला उपाय असा: पॅकेट हरवलं की गर्दी झाली समजायचं आणि हळू व्हायचं. पण बफर मोठा असला की पॅकेट हरवतच नाही, नुसतं रांगेत उभं राहतं. १ एमबीपीएसच्या अपलोडपुढे २५६ केबीचा बफर भरला की मागच्याला दोन सेकंद थांबावं लागतं. फोटोंना त्याचं काही नाही, आईला आहे.

२०१० मध्ये जिम गेटिस यांना घरी मोठ्या फाइल पाठवताना हेच दिसलं. त्यांनी त्याला 'बफरब्लोट' नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी 'कोडेल' आणलं. ते रांगेची लांबी बघत नाही, पॅकेट किती वेळ थांबलंय ते बघतं. थांबणं सतत ५ मिलिसेकंदांच्या वर राहिलं की एखादं पॅकेट टाकून देतं.

माझ्या राउटरमध्ये ही सोय होती, फक्त कोणी चालू केली नव्हती! ती चालू केली, अपलोडचा वेग लाइनपेक्षा थोडा कमी ठेवला. काल फोटो जात होते आणि ताई हसत-बोलत होती.

आईला हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे आपल्या माळ्यासारखंच की. जागा आहे म्हणून कोंबत गेलं की हवी ती वस्तू वेळेला हाताशी येत नाही."

असो. रविवारी माळा आवरायचा आहे.