शहापूरची रेडर भारी की मुरबाडची? आकडे काय सांगतात, काय लपवतात

कॉलेजच्या कबड्डी स्पर्धा सुरू झाल्या की व्हॉट्सॲप ग्रुपवर हा वाद ठरलेला. कोणीतरी स्कोअरशीटचा फोटो टाकतं, "आमच्या पोरीचे पॉइंट बघ" म्हणतं आणि विषय संपला असं वाटतं. पण या आकड्यांवरून कॉलेजच्या संघातून विद्यापीठाच्या संघात कोण जाणार हेही ठरू शकतं. तिथून पुढे अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा असते. राज्य सरकारच्या नोकऱ्यांमध्ये खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे आणि त्यासाठी पात्र स्पर्धेचं प्रमाणपत्र लागतं. म्हणून आकडा नीट वाचता आला पाहिजे.

अमेरिकेतही हेच भांडण

२०२४ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कने ३,९५१ गुणांवर कॉलेज बास्केटबॉलची कारकीर्द संपवली. तिच्याआधी कॅन्सस विद्यापीठाच्या लिनेट वुडर्डचे ३,६४९ गुण होते, १९७७ ते १९८१ या काळातले. दोघींचे सामने सारखेच, १३९. म्हणजे क्लार्क सरस? थांबा. वुडर्डच्या वेळी महिलांच्या सामन्यात तीन गुणांची रेषाच नव्हती आणि चेंडू पुरुषांच्या मापाचा होता. शिवाय तेव्हा महिलांच्या स्पर्धा वेगळी संघटना भरवायची, त्यामुळे एनसीएएच्या विक्रमांच्या यादीत वुडर्डचं नाव बरीच वर्षं नव्हतंच. आकडे दोन्ही खरे आहेत, फक्त ते दोन वेगळ्या खेळांचे आहेत म्हणा ना.

एकूण गुण का फसवतात

आपल्याकडच्या बऱ्याच स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. हरलं की घरी. समजा, मुरबाडच्या रेडरचा संघ पहिल्याच फेरीत बाहेर पडला आणि शहापूरचा संघ फायनल खेळला. एकीला एक सामना मिळाला, दुसरीला पाच. एकूण गुणांची तुलना इथेच निकालात निघते.

मग "प्रति सामना" काढू? तेही अर्धवटच. भारतात नेहमीच्या नियमांनी महिलांचा सामना १५-१५ मिनिटांचा असतो, पुरुषांचा २०-२०. त्यामुळे मुलींचे आकडे मुलांच्या शेजारी ठेवून "कमी आहेत" म्हणणं तर सरळ चूक. शिवाय कबड्डीत बाद झालेली खेळाडू बाहेर बसते. तिला आत कोण आणणार? सहकारी. त्यांनी गुण घेतला तरच ती परत येते. म्हणजे चांगल्या रेडरला किती चढाया मिळाल्या, हे तिच्या कॉर्नरच्या पकडीवरही अवलंबून असतं. त्यापेक्षा दर १०० चढायांमागे यशस्वी किती, हा हिशेब बरा.

टक्केवारीचा खेळ

आता हे उदाहरण बघा. आकडे समजावण्यापुरते घेतले आहेत. मुरबाडची रेडर: १ सामना, १२ चढाया, ८ यशस्वी, म्हणजे ६७ टक्के. शहापूरची: ८ सामने, ९० चढाया, ५० यशस्वी, म्हणजे ५६ टक्के. मुरबाड जिंकलं?

१२ चढायांमध्ये एक चढाई इकडची तिकडे झाली तर टक्केवारी ८ ने हलते. ९० मध्ये जेमतेम १ ने. आणि एका गुणाचं मोल काय असतं ते २०२३ मध्ये हांगझोऊला दिसलं: आशियाई स्पर्धेची महिला फायनल भारताने चायनीज तैपेईविरुद्ध २६-२५ अशी जिंकली.

यावर संख्याशास्त्रात एक सोपी युक्ती आहे. प्रत्येकीच्या खात्यात काही 'सरासरी' चढाया उधार टाकायच्या. समजा, स्पर्धेची सरासरी ४५ टक्के आहे. मग दोघींच्या खात्यात २० चढाया आणि ९ यशस्वी अशी भर घाला. मुरबाड: ३२ पैकी १७, म्हणजे ५३.१ टक्के. शहापूर: ११० पैकी ५९, म्हणजे ५३.६. अकरा टक्क्यांचा फरक गायब! दोघी जवळपास सारख्या, एवढंच या आकड्यांवरून म्हणता येतं. २० च का? तो अंदाज आहे. कमी घेतल्या तर नशिबाला जास्त वाव मिळतो, जास्त घेतल्या तर सगळ्याच सारख्या दिसू लागतात. पण जो आकडा घ्याल तो नावं बघायच्या आधी ठरवा, नाहीतर आपल्या कॉलेजच्या सोयीने बदलायचा मोह होतोच.

शीटवर न दिसणारं

सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की संघाची तिसरी चढाई 'डू ऑर डाय' असते, गुण नाही तर बाद. संघ अशा वेळी हुकमी रेडरलाच पाठवतो. म्हणजे तिचीच टक्केवारी खाली येते. उलट समोर सहा किंवा सात बचावपटू असताना बोनस घेऊन परतणारीचा आकडा छान दिसतो. या चढाया वेगळ्या मोजल्या नाहीत तर जबाबदारी घेणारीलाच शिक्षा होते.

बचावाचं तर विचारूच नका. जिच्या धाकाने रेडर त्या कोपऱ्याकडे फिरकतच नाही, तिच्या नावावर पकडी कमी. मातीवर सराव केलेली मुलगी थेट मॅटवर उतरली, की पायाची पकड बदलते. शेवटच्या एसटीसाठी सराव अर्धा सोडून डोळखांब किंवा टोकावड्याला जाणाऱ्या मुलीला तासच कमी मिळतात. स्कोअरशीटवर याला रकाना नाही.

मोबाइलवर काय नोंदवाल

गूगल शीट्स पुरे. प्रत्येक चढाईला एक ओळ: चढाई कोणाची, समोर किती बचावपटू, डू ऑर डाय होती का, निकाल (स्पर्श, बोनस, रिकामी, बाद), प्रतिस्पर्धी संघ, माती की मॅट. पूर्ण ३० सेकंदांच्या चढाया धरल्या तरी एका सामन्यात दोन्ही संघांच्या मिळून ६० ओळी होतात, त्यामुळे एकाने बोलायचं आणि दुसऱ्याने टाइप करायचं. व्हिडिओ काढणार असाल तर आधी मुलींना आणि त्यांच्या सरांना विचारा. आणि शीट शेअर करताना टक्केवारीशेजारी एकूण चढाया लिहायला विसरू नका: नुसतं '६७ टक्के' नको, '१२ पैकी ८' लिहा.