शेतकऱ्याला टॅक्स नाही, पण दूध-दुकानाचं काय?

'शेतकऱ्याला टॅक्स नसतो' असं गावात सर्रास म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. शेतातल्या पिकाचं उत्पन्न करमुक्त आहे. पण दूध, कोंबड्या, किराणा दुकान यांचं उत्पन्न शेतीचं धरलं जात नाही.

आर्थिक वर्ष २०२५-२६ चे दर (नवी करप्रणाली):
• ४ लाखांपर्यंत – शून्य
• ४ ते ८ लाख – ५ टक्के
• ८ ते १२ लाख – १० टक्के
• पुढे टप्प्याटप्प्याने वाढत २४ लाखांवर – ३० टक्के

नेहमीचं करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत असेल तर सूट मिळून टॅक्स शून्य होतो.

दुकानदारांसाठी: उलाढाल २ कोटींपर्यंत असेल तर वह्या न ठेवता रिटर्न भरता येतं. रोखीच्या विक्रीवर किमान ८ टक्के, यूपीआय किंवा बँकेतून आलेल्या पैशावर किमान ६ टक्के नफा धरायचा. ५० लाखांची विक्री सगळी यूपीआयवर झाली, तर नफा ३ लाख. टॅक्स काहीच नाही.

योजनांचं काय? पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये, मागच्या वर्षी आयकर भरलेल्या कुटुंबाला मिळत नाहीत. नुसतं शून्य कराचं रिटर्न भरणं म्हणजे आयकर भरणं नव्हे. लाडकी बहीण योजनेत मात्र कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. म्हणजे वरच्या दुकानदाराला टॅक्स शून्य, तरी घरातली बहीण अपात्र. कर्जासाठी रिटर्न भरताना हा हिशोब आधी घरात बसून करा.