आदिलाबादच्या घरांतील ठेवी

कायद्याने मालमत्तेचे स्थावर आणि जंगम असे दोन भाग कल्पिले आहेत. जमीन, घर, विहीर ही स्थावरात. बाकी सारे जंगमात. देवघरातील टाक, आजीचा पानाचा डबा, आजोबांची काठी आणि अडगळीतील फुटकी बादली ही सर्व ह्या हिशेबाने एकाच रांगेत बसतात, आणि बेलिफ जप्तीचा पंचनामा करतो तेव्हा त्यांची किंमत तो वजनावर अथवा बाजारभावावर मांडतो. वकिली करणाऱ्या माणसास ह्याचे पुढे पुढे नवलही वाटेनासे होते. तरीही १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे साठावे कलम वाचताना आम्ही दरवेळी थोडे थांबतो. हुकूमनाम्याच्या वसुलीसाठी ऋणकोचे काय काय जप्त करता येत नाही, त्याची यादी तेथे दिली आहे. आवश्यक वस्त्रे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे. आणि ह्यांच्याच पंक्तीस, धर्माचाराप्रमाणे जे अलंकार स्त्रीस अंगावेगळे करता येत नाहीत ते अलंकार. भांडी आणि अंथरूण माणसाच्या गरजेसाठी सोडली, हे उघड आहे. पण मंगळसूत्रावाचून कोणी उपाशी मरत नाही. ते सोडले त्याचे कारण निराळे आहे. घरातील एखादी वस्तू धन्याच्या ताब्यात असूनही सर्वस्वी त्याची नसते, हे कायद्याने येथे एका ओळीपुरते का होईना मान्य केले.

ह्या एका ओळीचा विस्तार ज्यास पाहावयाचा असेल त्याने आदिलाबाद जिल्ह्याकडे पाहावे. उत्तरेस पैनगंगा, दक्षिणेस गोदावरी, आणि मध्ये सह्याद्रीच्याच एका फाट्याचे साग-बांबूचे डोंगर, असा हा मुलूख. १९५६ पर्यंत तो हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या तारखेस राज्यपुनर्रचना झाली तेव्हा किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर हे मंडळ मुंबई राज्याकडे गेले. उलट नांदेड जिल्ह्यातील मुधोळ, भैंसा आणि कुबेर ही मंडळे आदिलाबादेस जोडली गेली. २०१६ साली तेलंगण शासनाने ह्या जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, कुमरम भीम आसिफाबाद, मंचेरियाल आणि निर्मल असे चार जिल्हे केले. आम्ही येथे आदिलाबाद म्हणतो तेव्हा तो जुना, चारही मिळून असलेला जिल्हा समजावा. त्यात तेलुगू आहे, गोंडी आहे, कोलामी आहे, उर्दू आहे, आणि मराठी तर अशा अशा घरांत आहे की जेथे ती असेल असे नागपूर-पुण्याच्या वाचकास स्वप्नातही वाटणार नाही.

असे एक घर म्हणजे प्रधानाचे. प्रधान हे राजगोंडांचे वंशपरंपरेचे गायक. गोंडांच्या सग्यांची, म्हणजे चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे आणि सात देवांचे अशी जी कुळांची मोठी विभागणी आहे, तिच्या उत्पत्तीच्या, वीरांच्या आणि देवांच्या कथा गोंडांनी स्वतः लिहून ठेवलेल्या नव्हत्या. त्या प्रधानांच्या मुखी होत्या. ऑस्ट्रियात जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ ह्यांनी १९४० नंतर ह्या जिल्ह्यातील मारलवाई गावी आपल्या पत्नी बेटी ह्यांच्यासह मुक्काम करून जो अभ्यास केला, आणि जो १९४८ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, त्यात एक गोष्ट नोंदलेली आहे. ह्या प्रधानांची घरची भाषा मराठी होती. गोंडी ही त्यांची गाण्याची भाषा होती. चुलीपाशी मराठी आणि देवापुढे गोंडी! स्वतःच्या भाषेत नसलेला, स्वतःच्या जातीचा नसलेला इतिहास ज्यांनी पिढ्यान् पिढ्या पाठ करून जपला, त्यांच्यासारखे दप्तरदार आम्हांस अन्यत्र ठाऊक नाहीत.

ह्या दप्तरदाराची एकुलती एक वस्तू म्हणजे किंगरी. लाकडाचे पोकळ अंग, त्यावर ताणलेले कातडे, तीन तारा आणि एक गज, एवढेच तिचे भांडवल. बेलिफाच्या लेखी तिची किंमत काय व्हावी? जळाऊ लाकडाहून थोडी अधिक. परंतु किंगरीवाचून कथा सांगावयाची नाही, आणि कथेवाचून गोंडाचा मृत पूर्वज कुळाच्या देवात मिसळावयाचा नाही, असा तो व्यवहार. गोंड यजमानाच्या घरी मृत्यू झाला म्हणजे प्रधानाने येऊन गावयाचे, आणि त्याबद्दल मृताची वस्त्रे व काही चीजवस्तू त्याने घ्यावयाच्या, ही चाल प्रधानांत दूरवर आढळते. म्हणजे प्रधानाच्या झोपडीत भिंतीला टांगलेली किंगरी त्याची. तिच्यातील गाणे यजमानाच्या कुळाचे. आणि कोपऱ्यातील गाठोड्यात जे धोतर वा कडे असेल ते अशा माणसाचे की जो आता देव झाला. एका खोलीत तीन धनी!

आता आम्हांस एक कल्पित दावा मांडू द्यावा. प्रधानावर हुकूमनामा झाला आणि किंगरी जप्त झाली. त्याचा वकील काय म्हणेल? तो ती कारागिराचे हत्यार म्हणून सोडवू पाहील. समोरचा वकील उठून म्हणेल की गाणारा हा कारागीर नव्हे. कारागीर तो, जो हातांनी काही घडवितो. आमच्या मते ह्या वादात प्रधानाची बाजू बळकट आहे, कारण त्याने जे घडविले ते म्हणजे अख्खे राजगोंड कुळवृत्त. पण खरे सांगावयाचे तर त्या वस्तूस वाचविण्यासाठी तिला हत्यार म्हणावे लागणे हेच मुळात ओढाताणीचे आहे. मंगळसूत्रासाठी जी ओळ संहितेत आली तशी ओळ किंगरीसाठी कोणी घातली नाही, कारण कायदा करणाऱ्यांच्या घरी किंगरी नव्हती.

गोंडांची स्वतःची सर्वांत मोलाची वस्तू तर घरात नसतेच. कुळदेवतेस ते पेर्सा पेन म्हणतात. तिची चिन्हे म्हणजे वनगाईच्या केसांची चवरी आणि लोखंडी भाल्याचे पाते. ही चिन्हे कुळाच्या पुजाऱ्याकडे, म्हणजे कटोड्याकडे, सांभाळावयास असतात आणि त्यांचे स्थान माणसांच्या राहत्या घराबाहेर असते. केसलापूरच्या नागोबाचेही असेच. पौष अमावास्येस भरणाऱ्या ह्या जत्रेपूर्वी मेसरम कुळातील माणसे अनवाणी चालत गोदावरीपर्यंत जातात आणि हस्तिनमडुगू ह्या डोहाचे पाणी झारीतून आणतात. ही झारी कोणा एका मेसरमाची म्हणता येत नाही. ज्याच्या हाती ती दिली, त्याने ती वाहावयाची आणि पुन्हा कुळास द्यावयाची. वाचकांपैकी जे वकील असतील त्यांना येथे प्रमथनाथ मल्लिक विरुद्ध प्रद्युम्नकुमार मल्लिक हा खटला आठवेल. कलकत्त्याच्या एका कुटुंबात गृहदेवतेची मूर्ती पाळीच्या काळात आपल्या घरी हलविण्यावरून तंटा झाला, आणि १९२५ साली प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की देवाची मूर्ती ही निव्वळ जंगम चीज नाही. तिच्या वतीने तिची इच्छा सांगणारा स्वतंत्र माणूस नेमला पाहिजे. भरजरी वस्त्रांतल्या मूर्तीस लंडनमध्ये जे मिळाले ते भाल्याच्या गंजक्या पात्यास आदिलाबादच्या न्यायालयात मिळेल काय, असा प्रश्न मनात येतो. तत्त्व एकच असल्याने मिळावे, असे आम्ही म्हणू.

ह्या घरांवर संकट आले ते वस्तूंच्या वाटेने नव्हे, कागदाच्या वाटेने आले. गोंड जमीन कसत होता, पण जमिनीचा कागद त्याच्यापाशी नव्हता. बाहेरून आलेल्या कुळांनी आणि सावकारांनी कागद केले, जंगलखात्याने राखीव जंगलाच्या रेषा आखल्या, आणि पिढ्यांची वहिवाट असलेला माणूस अतिक्रमण करणारा ठरला. १९४० साली जोडेघाटच्या डोंगरात कुमरम भीम मारला गेला तो ह्या रेषांवरूनच. त्यानंतर निजाम सरकारने हायमेनडॉर्फ ह्यांच्या सल्ल्याने काही गोष्टी केल्या. १९४३ साली मारलवाईस गोंड शिक्षकांसाठी शिक्षणकेंद्र निघाले, आणि पुढे हजारो आदिवासी कुटुंबांस जमिनीचे पट्टे देण्यात आले. पट्टा हाती पडला तो दिवस गोंडाच्या घरात एक नवी पवित्र वस्तू येण्याचा दिवस होता. संस्थानाचे महसुली दप्तर उर्दूत चाले. ज्याने कागद जपला त्यास तो वाचता येत नव्हता, आणि तो वाचता येत नाही म्हणूनच अधिक जपावा लागत होता. आमच्या धंद्यात असे कागद घेऊन येणारी माणसे भेटतात. ती कागद टेबलावर ठेवत नाहीत. आधी फडक्याची गाठ सोडतात, घडी उलगडतात, आणि आपण वाचीत असताना एक बोट कागदाच्या कडेवर ठेवून उभी राहतात. मारलवाईच्या त्या केंद्रातून गोंडीची जी क्रमिक पुस्तके निघाली ती देवनागरीत होती, हेही येथे सांगितले पाहिजे. त्या भागात शाळेची लिपी म्हणून जिची ओळख होती ती मराठीचीच लिपी होती.

लिपीवरून आठवले. आदिलाबाद, जैनथ, बेला, भैंसा, मुधोळ ह्या बाजूच्या मराठी घरांतही एक दप्तर असते, आणि ते फडताळात उपडे घातलेले असते. आम्ही नाव घातलेल्या भांड्यांविषयी बोलत आहोत. लग्नात, मुंजीत, बारशात आहेराचे भांडे द्यावयाचे म्हणजे कासाराकडून त्यावर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव कोरून घ्यावयाचे, ही आपल्याकडची जुनी रीत: कोणी दिले, कोणास दिले, निमित्त काय आणि तारीख कोणती. इतका चोख लेख आमच्या नोंदणी कचेरीतही पुष्कळदा सापडत नाही. १९५६ नंतर ह्या भांड्यांस एक निराळाच अर्थ आला. मामाचे गाव किनवटला आणि भाचीचे सासर आदिलाबादेस असले, तर काल एका जिल्ह्यात असलेली दोन घरे आज दोन राज्यांत पडली. तांब्यावरचे नाव आणि गाव मात्र तसेच राहिले. कचेरीची भाषा तेलुगू झाली. मराठी माध्यमाच्या सरकारी शाळा सीमेलगत आहेत. तरी ज्या घरची मुले तेलुगू वा इंग्रजी माध्यमात गेली त्या घरात असे होऊ लागले की नातवंडे त्या तांब्याने रोज पाणी पितात, पण त्यावर कोणाचे नाव आहे हे त्यांना आजीस विचारावे लागते. आजी वाचून दाखविते तेव्हा ती नुसते नाव वाचीत नाही. माणूस कसा होता, लग्नात कशावरून रुसला होता, तेही सांगते. आजी गेली म्हणजे उरते ते पितळ.

वाटणीच्या वेळी ह्याची परीक्षा होते. आमच्या गोमंतकीय वाचकांस पोर्तुगीज दिवाणी कायद्यापासून चालत आलेली इन्व्हेंटरीची पद्धत परिचित आहे. मयताच्या मागे घरातील जिनसांची यादी होते, प्रत्येकीचे मोल ठरते, आणि एकाच वस्तूवर दोन वारसांचे मन असले तर ते आपसांत बोली बोलतात. २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यानेही ही रीत राखली. आम्हांस ही पद्धत निष्ठुर वाटत नाही. उलट तिच्यात एक प्रामाणिकपणा आहे. बाजारात शंभराला मिळणाऱ्या समईसाठी बहीण भावापुढे हजाराची बोली बोलते, तेव्हा तिला ती काय वाटते हे सर्वांच्या देखत आकड्यात लिहिले जाते. मात्र ज्या बहिणीच्या हाती हजार रुपये नाहीत तिचे प्रेम यादीत शून्य धरले जाते. आमच्याकडील बोलीविना झालेल्या वाटणीत तर बहुधा तीही नोंद होत नाही. भांडी काट्यावर चढतात, किलोने भाग पडतात, आणि जुने पितळ मोड म्हणून दुकानी जाते.

आदिलाबादेत त्या मोडीचा पुढचा प्रवासही ठाऊक करून घेण्याजोगा आहे. जैनूरकडील उशेगाव आणि केसलागुडा ह्या गावी वोज, ज्यांस ओझाही म्हणतात, ते ओतकाम करणारे कारागीर राहतात. मातीचा गाभा करावयाचा, त्यावर मेणाच्या बारीक तारांनी अंग भरावयाचे, वरून पुन्हा माती लिंपावयाची, भट्टीत मेण वितळवून त्या पोकळीत पितळेचा रस ओतावयाचा, आणि थंड झाल्यावर साचा फोडावयाचा, अशी त्यांची रीत. साचा फुटतो म्हणून एकासारखी दुसरी वस्तू होत नाही. पूर्वी हे कारागीर मुख्यतः गोंडांच्या देवांसाठी आणि घरांसाठी घंटा, दिवे, मोर, देवांच्या मूर्ती घडवीत. २०१८ साली ‘आदिलाबाद डोकरा’ ह्या नावास भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्यांचे मोर शहरांतील दिवाणखान्यांत जाऊ लागले. कारागिरास चार पैसे मिळाले, ह्यात वाईट काहीच नाही. ज्यास दिवाणखान्यातील मोर हा कलेचा ऱ्हास वाटतो त्याने आधी कारागिराचे घर पाहून यावे. पण ज्या घंटेस देव ठाऊक होता आणि ज्या घंटेस केवळ कपाट ठाऊक आहे, त्या दोहोंचा कस निराळा आहे, एवढे खरे.

त्या भट्टीस लागणारे पितळ पुष्कळदा भंगारातूनच येते. फुटक्या घागरी, चेपलेले तांबे, कान तुटलेल्या कळश्या. मराठी घरांतून मोडीत गेलेली भांडीही त्याच ढिगात येऊन पडावयाची. ठिपक्यांनी कोरलेले नाव आधी लाल होते, मग रसात मिसळते, आणि सायंकाळी मातीचा साचा फोडला की आतून एक मोर निघतो.