वायां जाणाऱ्या धुराची गोष्ट

श्रोतेहो, "हवेस वजन असतें काय?" हा प्रश्न मीं वर्गांत विचारला कीं निम्मीं मुलें हंसत. आजचें भाषण त्याच प्रश्नाचा पुढचा धडा आहे.

इंजिन पेट्रोलावर चालतें, असें आपण म्हणतों. पण हें अर्धेंच सत्य होय. एक पौंड पेट्रोल नीट जळावयास सुमारें १५ पौंड हवा लागते. इंधन ओतणें सोपें; तितकी हवा सिलिंडरांत कोंबणें कठीण. लोहार भाता कां चालवितो, हें ज्यास उमगलें त्यास ही अडचण कळेल. इंजिनासही भाता हवा. परंतु तो ओढावयाचा कोणीं? इंजिनानेंच ओढला, तर मिळविलेल्या शक्तीचा कांहीं भाग त्यांतच खर्ची पडतो.

विंटरथूर येथें १८७९ सालीं जन्मलेले स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्यूखी यांची नजर धुराड्याकडे वळली. इंधनाच्या उष्णतेचा जवळजवळ तिसरा हिस्सा तेथून फुकट जातो. तो तापलेला वायु एका चक्राच्या पात्यांवर सोडावा, चक्र फिरेल. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकास पंखा बसवावा. तो बाहेरची हवा ओढून व दाबून सिलिंडरांत लोटील. अधिक हवा आली कीं अधिक इंधन जाळतां येतें, आणि इंजिन न वाढवितां शक्ति वाढते. १९०५ सालीं त्यांनीं या कल्पनेचें पेटंट घेतलें. टर्बोचार्जर म्हणतात तो हाच.

कल्पना तयार होती. पण तो दाह व तो वेग सोसणारी धातु तयार नव्हती. मध्यंतरीं महायुद्ध आलें. उंच चढणाऱ्या विमानांचीं इंजिनें विरळ हवेंत धापा टाकूं लागलीं. फ्रान्समध्यें रातो यांनीं व अमेरिकेंत सॅनफर्ड मॉस यांनीं हें काम हातीं घेतलें. १९१८ सालीं मॉस यांनीं 'लिबर्टी' इंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या १४,००० फुटांहून उंच शिखरावर नेलें. समुद्रसपाटीवर ३५० अश्वशक्ति देणारें तें इंजिन तेथें २३० वर उतरलें. टर्बोचार्जर जोडतांच ३५६ वर चढलें!

ब्यूखी यांस मात्र वीस वर्षें थांबावें लागलें. 'प्रॉयसेन' व 'हान्झेश्टाट डान्झिग' या जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांची शक्ति त्यांच्या पद्धतीनें १,७५० वरून २,५०० अश्वशक्तीपर्यंत गेली, तेव्हां लोकांची खात्री पटली. आज मालमोटारींपासून लहान मोटारींपर्यंत ही युक्ति सर्वत्र आहे. लहान मोटारींतील चक्र तर मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतें.

श्रोतेहो, शाळेंत असतांना कित्येक मुलांच्या पुस्तकांवर मीं 'वायां गेला' असा शेरा मारला. आतां वाटतें, दोष त्या मुलांचा नव्हता. चक्र कोठें बसवावें, हें मास्तरासच सुचलें नव्हतें.