भारतातील वृद्धांची दीर्घकालीन शुश्रूषा आणि अर्थसाहाय्य

वृद्धांची दीर्घकालीन शुश्रूषा म्हणजे वार्धक्य, जुनाट आजार, अपंगत्व किंवा स्मृतिभ्रंश यांमुळे परावलंबी झालेल्या व्यक्तीला प्रदीर्घ काळ द्यावी लागणारी काळजी व मदत होय. तीत औषधोपचारांबरोबरच आंघोळ घालणे, भरवणे, उठवणे-बसवणे, शौचास नेणे आणि रात्रंदिवस सोबत करणे या दैनंदिन कामांचा समावेश होतो. भारतात या शुश्रूषेचा खर्च भागवणारी स्वतंत्र, सार्वत्रिक विमायोजना अस्तित्वात नाही. हा भार प्रामुख्याने कुटुंब उचलते. त्याला पूरक म्हणून निर्वाहभत्त्याचा कायदा, सामाजिक निवृत्तिवेतन, आरोग्यविमा, अल्पबचत योजना, आयकरातील सवलती आणि घर तारण ठेवून मिळणारे कर्ज अशी विखुरलेली साधने उपलब्ध आहेत.

## पार्श्वभूमी

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्यांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. हे प्रमाण केरळात १२.६ टक्के, गोव्यात ११.२ टक्के आणि महाराष्ट्रात ९.९ टक्के होते. आयुर्मान वाढले, अपत्यांची संख्या घटली आणि नोकरीनिमित्त मुले परगावी वा परदेशी गेली. परिणामी एकत्र कुटुंबात वाटली जाणारी शुश्रूषा एकदोन व्यक्तींवर, बहुधा घरातील स्त्रियांवर येऊन पडली. त्यांच्या श्रमांचे मोल कोणत्याही हिशेबात धरले जात नाही; शुश्रूषेसाठी नोकरी सोडावी लागल्यास बुडणारे उत्पन्न हाही कुटुंबाचा खर्चच असतो.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद ४१ मध्ये वार्धक्य, आजार व विकलांगता यांच्या प्रसंगी लोकसाहाय्याची तरतूद करण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे. केंद्र सरकारने १९९९ साली वृद्धांविषयीचे राष्ट्रीय धोरण जाहीर केले.

## खर्चाचे स्वरूप

शुश्रूषेच्या खर्चाचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. पहिला भाग रुग्णालयातील उपचारांचा. तो एकदम व मोठा येतो, परंतु त्यासाठी विमा व शासकीय योजना आहेत. दुसरा भाग औषधे, तपासण्या, प्रौढांचे डायपर, चाकाची खुर्ची, हवेची गादी व भाड्याने आणलेली रुग्णखाट यांचा असतो. तिसरा भाग मनुष्यबळाचा. शहरांमध्ये ब्युरोमार्फत बारा किंवा चोवीस तासांच्या पाळीने मावशी, मामा अथवा प्रशिक्षित परिचारिका नेमल्या जातात. हा खर्च दरमहा येतो आणि त्याची मुदत आधी सांगता येत नाही. बहुतेक योजना पहिल्या भागापुरत्याच असल्याने दुसरा व तिसरा भाग कुटुंबाला स्वतः सोसावा लागतो.

## निर्वाहाचा कायदेशीर हक्क

### २००७ चा अधिनियम

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणासाठीचा अधिनियम, २००७ हा या विषयावरील प्रमुख केंद्रीय कायदा आहे. त्यानुसार स्वतःच्या उत्पन्नातून अथवा मालमत्तेतून चरितार्थ चालवू न शकणाऱ्या आई-वडिलांना सज्ञान मुलगा, मुलगी, नातू किंवा नात यांच्याकडून निर्वाहभत्ता मागता येतो. अपत्यहीन ज्येष्ठ नागरिकाला आपली मालमत्ता ताब्यात असलेल्या किंवा वारशाने मिळणार असलेल्या नातेवाइकाकडे अशीच मागणी करता येते. निर्वाहात अन्न, वस्त्र, निवारा आणि वैद्यकीय उपचार यांचा अंतर्भाव होतो. हा कायदा भारताबाहेर राहणाऱ्या भारतीय नागरिकांनाही लागू आहे.

अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याच्या दर्जाहून कमी नसलेल्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील न्यायाधिकरणाकडे केला जातो. ज्येष्ठ नागरिक स्वतः अर्ज करण्यास असमर्थ असल्यास त्याने प्राधिकृत केलेली व्यक्ती वा संस्था तो करू शकते. न्यायाधिकरण स्वतःहूनही दखल घेऊ शकते. अर्ज ज्येष्ठ नागरिक राहत असलेल्या जिल्ह्यात किंवा मुले राहत असलेल्या जिल्ह्यात दाखल करता येतो. न्यायाधिकरणाला हे प्रकरण आधी समेट अधिकाऱ्याकडे सोपवता येते. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय देणे अपेक्षित असून अपवादात्मक परिस्थितीत ही मुदत एकदा ३० दिवसांनी वाढवता येते. या काळात अंतरिम भत्ताही मंजूर करता येतो.

कलम ९ नुसार राज्यांना दरमहा कमाल १०,००० रुपयांपर्यंतच भत्ता विहित करता येतो. पुरेशा कारणाशिवाय आदेश न पाळल्यास थकबाकीच्या वसुलीसाठी वॉरंट काढता येते आणि एक महिन्यापर्यंत अथवा रक्कम भरेपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, कारावास होऊ शकतो. ज्येष्ठ नागरिकाला टाकून देणे हा कलम २४ खाली तीन महिन्यांपर्यंतचा कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांस पात्र असा गुन्हा आहे. महाराष्ट्र शासनाने या अधिनियमाखालील नियम २०१० साली केले.

### बक्षीसपत्र आणि कलम २३

वृद्ध व्यक्ती अनेकदा हयातीतच घर किंवा जमीन मुलांच्या नावे करतात. मूलभूत सुविधा व गरजा पुरवण्याच्या अटीवर असे हस्तांतरण झाले असेल आणि ती अट पाळली गेली नाही, तर कलम २३ नुसार ज्येष्ठ नागरिकाच्या इच्छेनुसार न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकते. सर्वोच्च न्यायालयाने सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी (२०२२) या प्रकरणात अशी अट असल्याचे सिद्ध होणे आवश्यक मानले. उर्मिला दीक्षित विरुद्ध सुनील शरण दीक्षित (२०२५) या निकालात न्यायालयाने कायद्याच्या कल्याणकारी हेतूला धरून उदार अर्थ लावला आणि न्यायाधिकरण मालमत्तेचा ताबा परत देण्याचा आदेशही करू शकते, असे स्पष्ट केले. या कलमाचा आधार मिळण्याच्या दृष्टीने सांभाळ करण्याची अट बक्षीसपत्रातच नमूद असणे महत्त्वाचे ठरते.

### अन्य कायदे

हिंदू दत्तक व निर्वाह अधिनियम, १९५६ च्या कलम २० खाली आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ च्या कलम १४४ खाली (पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५) आई-वडिलांना निर्वाह मागता येतो. कलम १४४ च्या रकमेवर १०,००० रुपयांची मर्यादा नाही. मात्र कलम १४४ आणि २००७ चा अधिनियम या दोहोंखाली हक्क असल्यास त्यांपैकी एकच मार्ग निवडावा लागतो. आसामने २०१७ साली केलेल्या कायद्यानुसार, आई-वडिलांची आबाळ करणाऱ्या शासकीय कर्मचाऱ्याच्या वेतनातून ठरावीक रक्कम कापून ती त्यांना देण्याची तरतूद आहे.

## शासकीय निवृत्तिवेतन व साहाय्य

राष्ट्रीय सामाजिक साहाय्य कार्यक्रम १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाला. त्यातील इंदिरा गांधी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजनेत दारिद्र्यरेषेखालील ६० ते ७९ वर्षे वयाच्या व्यक्तीला केंद्राकडून दरमहा २०० रुपये, तर ८० व त्यांवरील वयाच्या व्यक्तीला ५०० रुपये मिळतात. मूळची ७५ रुपयांची रक्कम २०० रुपये झाल्यानंतर तीत वाढ झालेली नाही. राज्ये आपापल्या निधीतून भर घालत असल्याने प्रत्यक्ष रक्कम राज्यागणिक बदलते.

महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेखाली ६५ वर्षे व त्यांवरील निराधार व्यक्तींना साहाय्य दिले जाते. ६५ वर्षांखालील निराधार, विधवा, दिव्यांग व दुर्धर आजाराने ग्रस्त व्यक्तींसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. २०२३ साली दोन्ही योजनांची रक्कम दरमहा १,००० वरून १,५०० रुपये करण्यात आली. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत असणे, ही पात्रतेची प्रमुख अट आहे. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी योजना शाखेत केला जातो. वयाचा, उत्पन्नाचा व रहिवासाचा दाखला ही त्यासाठीची मुख्य कागदपत्रे होत. लाभ सुरू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना हेच कार्य करते.

साहाय्यक उपकरणांसाठी केंद्राची राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून राबवली जाते. तीत चष्मा, श्रवणयंत्र, काठी, चाकाची खुर्ची, कवळी इत्यादी वस्तू मिळतात. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत (२०२४) ६५ वर्षांवरील व कौटुंबिक वार्षिक उत्पन्न २ लाख रुपयांपर्यंत असलेल्या व्यक्तीच्या बँक खात्यात एकरकमी ३,००० रुपये जमा केले जातात.

## आरोग्यविमा

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा विस्तार २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ७० वर्षे व त्यांवरील सर्व नागरिकांसाठी, उत्पन्नाची अट न ठेवता करण्यात आला. त्यांना ‘आयुष्मान वय वंदना’ कार्ड मिळते व कुटुंबाला दरसाल ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण लाभते. योजनेत आधीपासून असलेल्या कुटुंबातील ज्येष्ठांना स्वतंत्र ५ लाखांचे वाढीव संरक्षण आहे. केंद्र सरकारी आरोग्य योजनेसारख्या शासकीय योजनांच्या लाभार्थ्यांना मात्र दोहोंपैकी एकीची निवड करावी लागते. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनाही उपलब्ध आहे.

या योजना रुग्णालयात दाखल झाल्यावरच लागू होतात. रुग्ण घरी परतल्यावर १५ दिवसांपर्यंतच्या वैद्यकीय पाठपुराव्याचा खर्च आयुष्मान योजनेत धरला जातो. पक्षाघाताचा रुग्ण पुढे वर्षानुवर्षे अंथरुणाला खिळून राहिल्यास त्याच्या शुश्रूषेचा खर्च तीत बसत नाही.

खासगी आरोग्यविम्याच्या बाबतीत भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०२४ साली प्रवेशवयाची कमाल मर्यादा हटवली आणि पूर्वीपासूनच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ कमाल तीन वर्षांवर आणला. जानेवारी २०२५ मध्ये ज्येष्ठांच्या हप्त्यात प्राधिकरणाशी विचारविनिमय न करता वर्षाला १० टक्क्यांहून अधिक वाढ करण्यास कंपन्यांना मनाई करण्यात आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील वस्तू व सेवा कर रद्द झाला.

## स्वतःची बचत व मालमत्ता

### अल्पबचत व आयकर

ज्येष्ठ नागरिक बचत योजना २००४ साली सुरू झाली. ६० वर्षे पूर्ण केलेल्या व्यक्तीला टपाल कार्यालयात वा बँकेत त्यासाठी खाते उघडता येते. एप्रिल २०२३ पासून ठेवीची कमाल मर्यादा १५ लाखांवरून ३० लाख रुपये झाली. मुदत पाच वर्षांची असून व्याज दर तिमाहीला मिळते.

आयकर अधिनियम, १९६१ च्या जुन्या करप्रणालीत कलम ८०ड नुसार ज्येष्ठ नागरिकाच्या आरोग्यविम्याच्या हप्त्यापोटी ५०,००० रुपयांपर्यंत वजावट होती. विमा नसल्यास त्याच मर्यादेत औषधोपचारांचा प्रत्यक्ष खर्च धरता येई. ही वजावट आई-वडिलांसाठी खर्च करणाऱ्या मुलांनाही मिळे. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही.

### उलट गहाण

उलट गहाण, अर्थात रिव्हर्स मॉर्गेज, ही योजना २००७-०८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घोषित झाली. ६० वर्षांवरील घरमालक स्वतःचे राहते घर बँकेकडे तारण ठेवतो आणि बँक त्याला ठरावीक काळ, साधारणतः २० वर्षांपर्यंत, हप्त्याने रक्कम देते. कर्जदाराला हयातीत परतफेड करावी लागत नाही व घर सोडावे लागत नाही. पती-पत्नी दोघांच्याही निधनानंतर वारसांना कर्ज फेडून घर सोडवून घेता येते. अन्यथा बँक घर विकून येणे वसूल करते व उरलेली रक्कम वारसांना देते. घर मुलांसाठी राखावे ही भावना आणि अपूर्ण कागदपत्रे यांमुळे योजनेला अल्प प्रतिसाद मिळाला.

## आर्थिक व्यवहार करण्यास असमर्थता

पैसा असूनही तो शुश्रूषेसाठी वापरता न येणे, ही स्मृतिभ्रंश व बेशुद्धावस्थेतील रुग्णांच्या कुटुंबांची विशेष अडचण आहे. भारतीय संविदा अधिनियमानुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता नष्ट झाल्यास मुखत्याराचा अधिकारही संपतो. बेशुद्धावस्थेतील रुग्णांसाठी उच्च न्यायालयांनी अनुच्छेद २२६ खालील अधिकार वापरून पालक नेमल्याची उदाहरणे आहेत. परंतु ही प्रक्रिया वेळखाऊ व खर्चिक असते. ‘दोहोंपैकी कोणीही वा हयात असलेला’ या प्रकारचे संयुक्त खाते रुग्णाची क्षमता शाबूत असतानाच उघडल्यास ही अडचण काही अंशी टळते.

शरीराने असमर्थ, परंतु मनाने सक्षम असलेल्या खातेदाराला सही करता येत नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार हाताच्या वा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. त्यासाठी बँकेला परिचित असे दोन साक्षीदार लागतात व त्यांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो.

## वृद्धाश्रम

२००७ च्या अधिनियमाच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निर्धन ज्येष्ठांची सोय असलेला निदान एक वृद्धाश्रम टप्प्याटप्प्याने उभारण्याची तरतूद आहे. मात्र तिची शब्दयोजना राज्यांवर बंधनकारक नाही. केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेतून वृद्धाश्रम चालवणाऱ्या स्वयंसेवी संस्थांना अनुदान दिले जाते. सशुल्क वृद्धाश्रमांत मासिक शुल्काखेरीज अनामत रक्कमही घेतली जाते. अनेक वृद्धाश्रम चालत्याफिरत्या व्यक्तींनाच प्रवेश देतात. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी शुश्रूषा केंद्र शोधावे लागते. त्यामुळे करार करताना प्रकृती खालावल्यास काय केले जाईल व अनामत कशी परत मिळेल, या अटी निर्णायक ठरतात.

## अन्य देशांतील व्यवस्था

जर्मनीने १९९५ साली, जपानने २००० साली आणि दक्षिण कोरियाने २००८ साली अनिवार्य दीर्घकालीन शुश्रूषा विमा लागू केला. जपानमध्ये ४० वर्षांवरील प्रत्येक व्यक्ती हप्ता भरते आणि परावलंबित्वाची श्रेणी ठरवून त्यानुसार घरपोच किंवा निवासी सेवा दिली जाते. जर्मनीत घरी शुश्रूषा करणाऱ्या कुटुंबाला सेवेऐवजी रोख भत्ता घेण्याचा पर्याय आहे.

## उणिवा व सुधारणांचे प्रयत्न

निर्वाहभत्त्याची १०,००० रुपयांची मर्यादा काढून टाकणारे आणि जावई व सून यांचाही जबाबदार व्यक्तींत समावेश करणारे सुधारणा विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. २०२४ साली सतरावी लोकसभा विसर्जित झाल्याने ते व्यपगत झाले. सामाजिक निवृत्तिवेतनाचे उत्पन्ननिकष अत्यंत खाली असल्याने निम्नमध्यमवर्गीय वृद्ध त्याबाहेर राहतात. त्यांचे उत्पन्न अनुदानासाठी जास्त, तर पगारी शुश्रूषेसाठी अपुरे ठरते. नीती आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या काळजीविषयक सुधारणांवर भूमिकापत्र प्रसिद्ध केले.

योजना, कायदेशीर मार्गदर्शन व वृद्धाश्रम यांविषयी माहितीसाठी केंद्र सरकारची ‘एल्डर लाइन’ ही १४५६७ क्रमांकाची निःशुल्क राष्ट्रीय मदतवाहिनी २०२१ पासून कार्यरत आहे.

## हे सुद्धा पहा

- श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना
- संजय गांधी निराधार अनुदान योजना
- आयुष्मान भारत योजना
- वृद्धाश्रम
- स्मृतिभ्रंश