अंडी उबवणे, घरगुती (कोंबडी व बदक)

फलित अंड्यांना सतत ऊब देऊन घरीच पिल्ले काढण्याची पद्धत. खानदेशात, नंदुरबार-धुळ्याकडे, हे काम परंपरेने खुडूक कोंबडीच करते. टोपलीत भुसा किंवा गवत अंथरून तिच्याखाली दहा-बारा अंडी ठेवतात. कोंबड्याशिवाय घातलेली, म्हणजे दुकानात मिळणारी बहुतेक अंडी कितीही उबवली तरी फुटत नाहीत. अंडी आठवड्याच्या आतली, न धुतलेली हवीत.

कोंबडीची पिल्ले २१ दिवसांत, बदकाची २८ दिवसांत बाहेर येतात. पाळीव बदके क्वचितच उबवायला बसतात, म्हणून त्यांची अंडी कोंबडीखाली ठेवतात. मोठी असल्याने सात-आठच मावतात. पंख्याच्या उबवणी यंत्रात तापमान सुमारे ३७.५ अंश सेल्सिअस ठेवून अंडी दिवसातून तीन-चारदा फिरवावी लागतात. सातव्या दिवशी अंधारात बॅटरीवर अंडे धरले की लाल शिरांचे जाळे दिसते. काही न दिसल्यास ते काढून टाकावे. शेवटचे तीन दिवस फिरवणे थांबवून ओलावा वाढवावा. या दिवसांत वारंवार झाकण उघडणे ही सर्वांत घातक चूक होय: आतले पातळ आवरण सुकते आणि टोचा मारलेले पिल्लू अडकून मरते.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला बर्ड फ्लू आढळला, तेव्हा आसपासच्या गावांतील घरगुती कोंबड्याही नष्ट करण्यात आल्या.