आजींचा आवाज आणि आमची कात्री



आजच्या गप्पांची सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या रेडिओ गटातल्या आम्ही तिघीजणी शेजारच्या वाडीवर एका आजींकडे गेलो होतो. वय ऐंशीच्या पुढे, पण आवाज खणखणीत. अंगणात जातं मांडलं, खुंट्याला हात लागला आणि आजींना एकामागून एक ओव्या आठवत गेल्या. पाऊण तास त्या दळत होत्या आणि गात होत्या. आम्ही सगळं रेकॉर्ड केलं आणि खुशीत परत आलो.

आमचा स्टुडिओ म्हणजे एक खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना गोधड्या टांगलेल्या, एक माइक, एक जुना कॉम्प्युटर. एडिटिंग नुकतंच शिकलो होतो, त्यामुळे हात शिवशिवत होते. जात्याची घरघर फार येते म्हणून ती काढली. दोन ओव्यांच्या मध्ये आजी वैरण घालायला थांबत, दम घेत, ती मोकळी जागा कापली. कार्यक्रम आठ मिनिटांचा, म्हणून चार ओव्या गाळल्या. शेवटी ही ‘साफ’ केलेली फाइल मूळ फाइलच्याच नावाने, तिच्यावरच सेव्ह केली. रेकॉर्डरमधलं कार्ड दुसऱ्या दिवशी बचत गटाच्या मेळाव्यासाठी लागलं, तेही पुसलं.

कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी आम्ही आजींच्या ओट्यावरच होतो. आजींनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, “वव्या माझ्याच हायत्या. पर माजं जातं कुटं गेलं गं पोरींनो?”

आम्हाला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर आम्ही या विषयाच्या मागे लागलो. माणसाचा आवाज पकडायचा, कापायचा, जोडायचा, दुसऱ्या आवाजांत मिसळायचा, हे सुरू कधी झालं? कात्री कुणाच्या हातात होती? आणि ज्या बाईचा आवाज, तिला कुणी विचारत होतं का? आज तेच तुम्हाला सांगायचं आहे.

एडिसनने १८७७ साली फोनोग्राफ बनवला, तेव्हा पहिल्यांदा माणसाचा आवाज साठवून पुन्हा ऐकता आला. पण तो कापता येत नव्हता. एकदा उमटला तो उमटला. आपल्या देशात हे यंत्र गाण्याच्या धंद्यासाठी आलं ते १९०२ च्या नोव्हेंबरात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यात उतरला आणि त्याने जी गाणी रेकॉर्ड केली, त्यांत सगळ्यात गाजली ती गोहरजान. त्या काळी घरंदाज म्हणवल्या जाणाऱ्या बायकांना चारचौघांत गाण्याची मुभा नव्हती आणि बरेच नामवंत गवई या यंत्राला बिचकत होते. पुढे आल्या त्या गाण्यावर पोट असलेल्या बायका. आपल्याकडचा रेकॉर्डचा इतिहास त्यांच्या धाडसाने सुरू होतो, हे आधी लक्षात ठेवू.

तेव्हा माइक नव्हता. एक मोठा कर्णा असे, त्यात तोंड घालून जोरात गायचं. कर्ण्याच्या दुसऱ्या टोकाची सुई मेणावर रेघ ओढत जाई. एका तबकडीवर साधारण तीन मिनिटं मावत. मैफलीत जी चीज तासभर रंगायची, ती तीन मिनिटांत बसवायची होती. म्हणजे एडिटिंग तेव्हाही होतंच, पण ते गायिकाच करत होती, गाण्याआधी, स्वतःच्या डोक्यात. काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे तिचं तिने ठरवलेलं असे.

मिक्सिंगही होतं. मिक्सिंग म्हणजे गाणं आणि वाद्यं यांचं माप जुळवणं, कुणी कुणाला झाकू नये असं बघणं. आज ते कॉम्प्युटरवर होतं, तेव्हा ते बसण्याच्या जागेवरून व्हायचं. गाणारी कर्ण्याजवळ, मोठ्या आवाजाचं वाद्य मागे. तार सप्तकात गेलं की गाणारीने डोकं मागे घ्यायचं, नाहीतर सुई बिघडायची. आपल्या भजनी मंडळात टाळवाले दाटीने पुढे बसले की बुवांचे शब्द ऐकू येत नाहीत, मग आपण त्यांना मागे सरकवतो. तेच हे मिक्सिंग.

गोहरजान गाणं संपताना आपलं नाव मोठ्याने, इंग्रजीत सांगत असे. तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोवरला जात. तिथल्या कारागिरांना कुणाचं गाणं आहे हे कळावं म्हणून ही पद्धत पडली, असं सांगतात. कारण काहीही असो, गाण्याबरोबर तिचं नाव तिच्याच तोंडून कोरलं गेलं. आज सव्वाशे वर्षं होत आली तरी ते ऐकू येतं.

१९२५ च्या सुमारास विजेवर चालणारा माइक रेकॉर्डिंगमध्ये आला. आता ओरडायची गरज उरली नाही. हळू आवाज, कुजबुज, श्वास, सगळं पकडलं जाऊ लागलं. नाजूक आवाजाच्या गायिकांना यामुळे वाट मिळाली. १९४९ च्या ‘महल’ चित्रपटातलं लतादीदींचं गाणं आठवा. दुरून कुणी गात येतंय असं त्यात वाटतं. लतादीदींनी स्वतः सांगितलं आहे की माइक खोलीच्या मधोमध ठेवला होता आणि त्या लांबून गात गात माइककडे चालत आल्या. आज हाच परिणाम कॉम्प्युटरवर एक रेघ वरखाली करून साधता येतो. तेव्हा तो पायांनी साधला.

पण त्या तबकडीवर लता मंगेशकर हे नाव नव्हतं. छापलं होतं ‘कामिनी’, म्हणजे चित्रपटातल्या पात्राचं नाव. गाणं रेडिओवर लागलं, आवाज कुणाचा म्हणून श्रोत्यांनी विचारणा केली, तेव्हा कुठे खरं नाव सांगितलं गेलं. गोहरजानने सत्तेचाळीस वर्षं आधी जे नाव स्वतः बोलून ठेवलं, ते इथे श्रोत्यांना मागून घ्यावं लागलं.

आता कात्रीकडे येऊ. खरी कात्री आली टेपबरोबर. १९३५ साली जर्मनीत टेपवर आवाज मुद्रित करणारं यंत्र लोकांना दाखवण्यात आलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभर पसरलं. स्टुडिओत टेप एका सेकंदाला पंधरा इंच वेगाने धावे. म्हणजे गायिकेने सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा श्वास घेतला, तर तो टेपवर पाच इंच लांबीचा. तो हाताने धरता येई, ब्लेडने कापता येई. टेप पुढेमागे फिरवून नेमकी जागा कानाने शोधायची, पेन्सिलीने खूण करायची, तिरका छेद द्यायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. छेद सरळ दिला तर जोडावर ‘टक्’ असा आवाज येई, म्हणून तो तिरका. कापडाला जोड देताना तो दिसू नये म्हणून आपण जी काळजी घेतो, तशीच.

टेपमुळे आणखी एक झालं. एकाच बाईला स्वतःच्या साथीला स्वतःच गाता येऊ लागलं. अमेरिकेत लेस पॉल आणि मेरी फोर्ड हे नवराबायको घरातच रेकॉर्डिंग करत. १९५१ साली त्यांचं एक गाणं तिकडे अतिशय गाजलं. त्यात मेरीचा आवाज एकावर एक थर देऊन बसवला होता. ऐकणाऱ्याला वाटावं, पाचसहा बहिणी मिळून गात आहेत. आज गावोगावच्या खोल्यांत मुली फोनवर आणि कॉम्प्युटरवर जे करतात, त्याची सुरुवात अशी एका घरात झाली. पण त्या पद्धतीत एक मेख होती. नवा थर चढवताना जुना त्यातच मिसळून जाई. चूक झाली की मागे जाता येत नसे, सगळं पहिल्यापासून. आमची चूक तुम्हाला आठवली असेल. मेरी फोर्डसमोर दुसरा मार्गच नव्हता. आमच्यासमोर होता, तरी आम्ही मूळ फाइल पुसली.

इंग्लंडमध्ये महायुद्धाच्या काळात डॅफ्नी ओरम नावाची तरुण मुलगी बीबीसी रेडिओत लागली. तिचं काम आवाजांचं माप जुळवायचं, म्हणजे मिक्सिंगच. १९५८ साली तिच्या खटपटीमुळे बीबीसीत आवाजावर प्रयोग करणारा एक विभाग उघडला. पण तिला हवं तसं काम तिथे करता येईना. पुढच्याच वर्षी ती बाहेर पडली आणि केंट परगण्यातल्या आपल्या घरात तिने स्वतःचा स्टुडिओ थाटला.

त्याच विभागात पुढे डिलिया डर्बिशायर आली. १९६३ साली ‘डॉक्टर हू’ या टीव्ही मालिकेचं शीर्षक संगीत तिने टेपचे तुकडे कापून, जोडून तयार केलं. एकेक सूर म्हणजे टेपचा एकेक तुकडा. दुसऱ्या वर्षी तिने रेडिओसाठी साध्या माणसांचे आवाज घेतले. त्यांनी सांगितलेली स्वप्नं कापून, जोडून, सुरांत मिसळून एक कार्यक्रम केला. मालिका जगभर पोचली, पण पडद्यावर नाव येई ते मूळ चाल लिहिणाऱ्याचं आणि विभागाचं. डिलियाचं नाव पडद्यावर आलं २०१३ साली. ती २००१ मध्येच वारली होती.

टेपच्या काळात ही सगळी यंत्रं महाग होती. मोठ्या स्टुडिओत, मोठ्या शहरात. खेड्यातल्या बाईपर्यंत कात्री आली ती कॉम्प्युटरमुळे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात डॉमिनिक मॅझोनी आणि रॉजर डॅननबर्ग यांनी ‘ऑडॅसिटी’ हे सॉफ्टवेअर बनवलं आणि २००० साली सगळ्यांसाठी फुकट खुलं केलं. जुन्या कॉम्प्युटरवरही ते चालतं. आवाज पडद्यावर डोंगररांगेसारखा दिसतो. जोरात बोललं की उंच शिखर, थांबलं की सपाट रेघ. हवा तो भाग निवडून कापायचा, सरकवायचा, लहानमोठा करायचा. एका ट्रॅकवर आवाज, दुसऱ्यावर ढोलकी, दोन्हींचं माप वेगवेगळं ठरवता येतं.

मग आमचं चुकलं कुठे? सॉफ्टवेअरमध्ये खरखर काढायची एक सोय असते. आधी नुसत्या खरखरीचा एक छोटा तुकडा दाखवायचा, की सॉफ्टवेअर ती ओळखतं आणि सगळीकडून कमी करतं. पंख्याची सोंसों, वायरीची गुंई यांना ते छान चालतं, कारण हे आवाज एकसारखे असतात. आम्ही जात्याची घरघर दाखवली. पण जात्याची घरघर आणि आजींचा खालचा सूर हे एकमेकांत मिसळलेले. सॉफ्टवेअरने घरघर उपटली तेव्हा आजींच्या आवाजाची मुळंही तिच्याबरोबर निघाली. उरला तो पाण्याखालून आल्यासारखा आवाज. शिवाय ओवी जात्याच्या फेऱ्यावर चालते. फेराच काढला, मग ओवीला चाल कशाची?

यंत्राला यात दोष देऊन भागणार नाही. त्याला आपण जे ‘कचरा’ म्हणून दाखवू तेच ते काढतं. दाखवलं आम्हीच.

ओव्या जपायची रीत आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉइट्व्हाँ यांनी घालून दिली आहे. हजाराहून अधिक गावांतून त्यांच्या चमूने एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आणि गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव यांची नोंद ठेवली. आपल्यासारख्यांच्या हातात रेडिओ आला तोही सहजासहजी नाही. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तो निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. तरी गावातल्या संस्थांना रेडिओची परवानगी मिळायला २००६ उजाडलं. २००८ साली आजच्या तेलंगणातल्या माचनूरला दलित शेतकरी बायकांचा संघम रेडिओ सुरू झाला. त्या बायका आधी दहाएक वर्षं कॅसेटवर कार्यक्रम बनवून आपल्या गटांत ऐकवत होत्या. त्याच वर्षी आपल्या साताऱ्यात, म्हसवडला माणदेशी तरंग सुरू झाला. इतक्या खटपटीने मिळालेला माइक आम्ही आजींपुढे धरला आणि त्यांना न विचारता कात्री चालवली.

आम्ही पुन्हा आजींकडे गेलो. चूक सांगितली, आजी हसल्या. पण मधल्या थंडीत त्या आजारी पडून उठल्या होत्या, दम पुरत नव्हता. खुंटा आमच्यातल्या एकीने धरला आणि आजी बसून गायल्या. गाळलेल्या चार ओव्यांपैकी दोन त्यांच्या आईने रचलेल्या होत्या, हे आम्हाला तेव्हा कळलं. त्यांतली एक आठवली. दुसरी अर्ध्यावर थांबली. आजी बराच वेळ पाळूकडे बघत राहिल्या. ती ओवी आता कुणाकडेच नाही.

तेव्हापासून आमच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या वर, तीन गोष्टी लिहून लावल्या आहेत. एक, मूळ रेकॉर्डिंगला हात लावायचा नाही. तिची प्रत काढायची, प्रतीवर काम करायचं आणि मूळ दोन ठिकाणी ठेवायचं. दोन, कापण्याआधी जिचा आवाज तिला विचारायचं, आणि लावण्याआधी तिला ऐकवायचं. खोकला काढू का, जातं ठेवू का, हे तिने सांगायचं. तीन, नाव तिने स्वतःच्या तोंडाने सांगायचं आणि ते कधीही कापायचं नाही.

दुसऱ्या वेळी आजींनी शेवटी आपलं नाव सांगितलं, सासरचं गाव सांगितलं. मग जरा थांबून, आम्ही न विचारता, माहेरचं नाव आणि आईचं नावही सांगितलं. कार्यक्रम त्यामुळे अर्धा मिनिट लांबला. तो तसाच लावला.

तुमच्या घरीही एखादी आजी, आत्या, मावशी गात असेल. हातातल्या साध्या फोनवर आजच रेकॉर्ड करा. मागे कोंबडं आरवलं तरी आरवू द्या. कापायचं की नाही ते नंतर बघता येईल. पण पहिली फाइल मात्र पुसू नका, बायांनो.